गुप्तवार्ता, सरकारी वकील आणि सात दिवसांची मुदत

दप्तर :

संसदेवरील हल्ल्याच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००५ रोजी दिलेला निकाल फाशी आणि सुटका यांसाठी लोकांच्या लक्षात राहिला. त्यात फोनवरच्या संभाषणांच्या पुराव्याविषयी जी चर्चा आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ती संभाषणे टिपण्याची परवानगी आयबी या केंद्राच्या देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेच्या सहसंचालकांनी दिली होती. तातडीच्या प्रसंगी तशी परवानगी देता येत असे, पण ती ठरलेल्या मुदतीत गृहसचिवांकडून कायम करून घेणे आवश्यक होते आणि तसे झाले नव्हते. न्यायालयाने ही त्रुटी नोंदवली, परंतु तेवढ्याने पुरावा अग्राह्य ठरत नाही असे सांगून तो स्वीकारला.

या ग्राह्यतेचे मूळ मुंबईतल्या एका लाचखोरीच्या प्रकरणात आहे. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात आरोपी होते शहराचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने एका डॉक्टरच्या संमतीने त्या डॉक्टरच्याच फोनला ध्वनिमुद्रण यंत्र जोडून कॉरोनरांचे बोलणे टिपले होते. पुरावा कोणत्या मार्गाने मिळाला यापेक्षा तो खरा आणि संबंधित आहे की नाही हे पाहावे, हा दंडक त्या निकालाने घट्ट केला. लाचेची मागणी सिद्ध करण्यापुरता तो ठीक वाटतो. पण तोच दंडक तीन दशकांनी गुप्तचर अधिकाऱ्याच्या अपुऱ्या परवानगीलाही लावला गेला, तेव्हा त्याचे वजन बदलले आणि ते बदलले आहे याची पुरेशी चर्चा झाली नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या देशात गुप्तचर यंत्रणेचा कायद्याशी प्रत्यक्ष सामना होण्याच्या जागा फार थोड्या आहेत. आयबीची परंपरा १८८७ पर्यंत मागे जाते आणि परदेशातील गुप्तवार्ता पाहणारी रॉ १९६८ साली स्थापन झाली, पण या दोहोंना अस्तित्व, अधिकार आणि मर्यादा देणारा संसदेचा कायदा आजही नाही. जो १९८५ चा कायदा आहे, तो तेथील कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालतो, यंत्रणेवर नव्हे. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात देखरेख समिती आणि न्यायाधिकरण या दोन्हींची तरतूद होती, ते विधेयक तसेच पडून राहिले. या यंत्रणांना संसदेला उत्तरदायी करावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, तिची दखल घेण्यास न्यायालयाने २०१६ मध्ये नकार दिला. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीमुळे ही दप्तरे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, नागरिकांना बंद आहेत.

राहिली ती फोन टिपण्याच्या आदेशांची पुनर्विलोकन समिती. १९९६ च्या डिसेंबरात पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घालून दिली आणि पुढे तार नियमावलीतील नियम ४१९-अ मध्ये ती आली. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून अन्य एक सचिव. म्हणजे एका सचिवाने काढलेले आदेश तीन सचिवांनी तपासायचे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या बैठकीपुढे प्रत्येक वेळी १५,००० ते १८,००० आदेश येतात. सचिव मंडळी सलग आठ तास बसली, चहालाही उठली नाहीत, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. याला तपासणी म्हणणे कठीण आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, गुप्तचर यंत्रणेच्या कामाची खरी छाननी आपल्याकडे फक्त एका ठिकाणी होऊ शकते : तिचे साहित्य फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून दाखल होते तेथे. आणि तेथे पहिला उभा असतो तो सरकारी वकील. नेमके त्यालाच आपण अंधारात ठेवतो.

त्याचे स्थान काय आहे, हे महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन प्रकरणांत स्पष्ट झाले आहे. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीची कोठडी वाढवण्यासाठी अहवाल देणारा सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांचा कागद पुढे सरकवणारे पोस्ट ऑफिसही नाही. लगेच पुढच्या वर्षी शहाणे प्रकरणात त्याच न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला आदेश दिला की, सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून काढून त्यांचा स्वतंत्र संवर्ग करावा आणि त्याच्या प्रमुखाने थेट शासनाला उत्तर द्यावे. तोवर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटला चालवणाऱ्याची बदली-बढती पोलीस खात्याच्या हाती होती, हे आज अनेकांना ठाऊकही नसेल.

स्थान स्वतंत्र झाले, पण माहिती स्वतंत्रपणे मिळू लागली नाही. आयबीला अटकेचा अधिकार नाही, त्यामुळे तिची टिपणी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे किंवा एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेकडे जाते आणि फिर्यादीत उतरताना तिचे रूपांतर एका ठरावीक वाक्यात होते : ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की…’ हे वाक्य मटक्याच्या अड्ड्यावरील छाप्यापासून बॉम्बस्फोटापर्यंत सगळीकडे एकच असते. बातमी कोठून आली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३१ सांगते. तो बातमीदार म्हणजे पानटपरीवाला होता, की महिनाभर टिपलेला एखादा फोन होता, हे बऱ्याच वेळा सरकारी वकिलालाही कळत नाही.

आता यात एक नवी गोष्ट आली आहे, आणि या धाग्याचे खरे निमित्त तीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायद्याखाली फोन टिपण्याचे नवे नियम अधिसूचित झाले. समितीची घडण जुनीच आहे. पण तातडीच्या प्रसंगी यंत्रणेच्या प्रमुखाने किंवा त्याच्या खालच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेश सात कामकाजी दिवसांत कायम झाला नाही, तर टिपणे थांबवावे लागते, टिपलेले संभाषण न्यायालयातील पुराव्यासह कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही आणि त्याच्या प्रती दोन कामकाजी दिवसांत नष्ट कराव्या लागतात. २००५ साली जी त्रुटी क्षम्य ठरली होती, ती आता नियमानेच अक्षम्य ठरवली आहे. हा नियम पाळला गेला की नाही, हे खटला दाखल करण्यापूर्वी कोण पाहणार? माझ्या मते ती जबाबदारी सरकारी वकिलावर लेखी स्वरूपात टाकली पाहिजे : मूळ अर्ज, आदेश, तो कायम केल्याची तारीख आणि समितीचा अभिप्राय स्वतः पाहिल्याचा दाखला त्याने दोषारोपपत्रासोबत द्यावा. सभासदांची मते वाचायला आवडतील.

घाटमाथा :

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. गुप्तवार्तेचे मुख्य काम गुन्हा सिद्ध करणे नसून तो घडू न देणे हे आहे. जो हल्ला टळला त्याचा खटला होत नाही, दोषारोपपत्रही होत नाही. मग अशा कामाची छाननी न्यायालयात होते किंवा व्हावी, असे म्हणण्यात अर्थ काय? शिवाय फाईल सरकारी वकिलाच्या कपाटात गेली की ती त्याच्या कारकुनाच्या, कनिष्ठ वकिलाच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या हातून जाते. जिल्हा न्यायालयांचे आवार ज्याने पाहिले आहे, त्याला मी अतिशयोक्ती करत नाही हे पटेल. एखाद्या टोळीत पेरलेल्या माणसाचे नाव तेथून फुटले, तर त्याच्या घरी कोणता दाखला घेऊन जायचे?

शिकागोकर :

येथे अमेरिकेत हा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला आणि तो दोन्ही बाजूंनी अंगावर आला, म्हणून थोडे लिहितो. सत्तरच्या दशकात सिनेटर फ्रँक चर्च यांच्या सिनेट समितीने सीआयए, एफबीआय आणि एनएसए यांचे देशांतर्गत हेरगिरीचे उद्योग उघड केले. त्यातून १९७८ चा फिसा कायदा आला : परकीय गुप्तवार्तेसाठी फोन टिपायचा असेल तर एका विशेष न्यायालयाची, बंद दाराआड का होईना, परवानगी घ्यायची. हे न्यायालय गुन्हेगारी तपासापेक्षा सौम्य निकषावर परवानगी देत असल्याने सरकारी वकिलांनी त्याचा आडमार्ग म्हणून वापर करू नये, अशी भीती होती. म्हणून १९९५ मध्ये न्याय खात्याने गुप्तवार्ता आणि अभियोग यांच्यातील देवाणघेवाणीचे कडक नियम केले. त्यालाच सगळे ‘भिंत’ म्हणू लागले.

पुढे अधिकाऱ्यांनी त्या नियमांचा अर्थ मूळ मजकुरापेक्षा कितीतरी कडक लावला, असे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने नोंदवले आहे. ऑगस्ट २००१ मध्ये मिनियापोलिस येथे मुसावी या संशयिताला पकडल्यावर त्याचा संगणक उघडण्याची परवानगी कोणत्या मार्गाने मागायची, या घोळात दिवस गेले. हल्ल्यांनंतर पेट्रियट कायद्याने ती भिंत पाडली आणि २००२ मध्ये फिसाच्या अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गुप्तवार्ता अधिकारी आणि सरकारी वकील आता एकत्र बसू शकतात.

मग दुसरे टोक आले. ट्रम्प यांच्या प्रचारातील एका माजी सल्लागारावर पाळत ठेवण्यासाठी एफबीआयने केलेल्या चार अर्जांत १७ मोठ्या चुका आणि गाळलेल्या गोष्टी होत्या, असे न्याय खात्याच्या कारभाराची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ च्या अहवालात दाखवून दिले. एका एफबीआय वकिलाने तर ई-मेलचा मजकूर बदलला होता, ज्याची त्याने २०२० मध्ये न्यायालयात कबुली दिली. हे अर्ज न्याय खात्याच्या वकिलांच्या नजरेखालून गेले होते, त्यांवर वरिष्ठांच्या सह्या होत्या आणि न्यायाधीशांनी ते मंजूर केले होते. तेव्हा ‘दप्तर’ म्हणतात तसा दाखला मिळाला तरी, मूळ कागदच खोटा असेल तर दाखल्याने काय साधेल, याचा विचार व्हावा. येथे चुका उघड झाल्या त्या वकिलामुळे नव्हे, तर ज्याला सगळी दप्तरे उघडण्याचा अधिकार होता त्या महानिरीक्षकामुळे.

दप्तर :

शिकागोकर, आपण दिलेले उदाहरण माझ्या विरुद्ध जाते असे मला वाटत नाही. तेथे महानिरीक्षकाला काही सापडले, कारण शोधायला काहीतरी लेखी होते : अर्ज होता, शपथेवर केलेली विधाने होती, सह्या होत्या. आपल्याकडे आदेश मागणारा, देणारा आणि तपासणारा सगळे प्रशासनातलेच असल्याने खोटे कोणासमोर बोलले गेले, हेच निश्चित करता येत नाही. दाखल्याने सत्य मिळेल असा माझा दावा नाही. असत्य कोणी आणि कोणत्या तारखेला लिहिले, हे मात्र त्यामुळे कागदावर येईल.

घाटमाथा यांची हरकत अधिक गंभीर आहे. टळलेल्या हल्ल्याबाबत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यासाठी संसदीय समितीच हवी, सरकारी वकील तेथे अपुरा आहे. परंतु सूत्राचे नाव आणि परवानगीची तारीख या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मी मागतो आहे ती दुसरी. गृहसचिवांनी एखादा आदेश १२ तारखेला कायम केला की २२ ला, हे उघड झाल्याने कोणाचाही जीव धोक्यात येत नाही. सूत्राच्या सुरक्षिततेची ढाल पुढे करून तारीखही झाकली जाते, हा आपल्याकडचा जुना प्रघात आहे.

कोर्टकचेरी :

मी जिल्हा पातळीवर फौजदारी वकिली करतो, बचाव पक्षाकडून. हितेंद्र ठाकूर निकालातील पोस्ट ऑफिसच्या उल्लेखाबाबत दोन शब्द. यूएपीए या आजच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३-ड नुसार तपासाची मुदत ९० दिवसांवरून १८० पर्यंत वाढवायची, तर सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल लागतो. मी पाहिलेल्या काही अहवालांत तपास अधिकाऱ्याच्या पत्रातील परिच्छेद जसेच्या तसे होते, टंकलेखनाच्या चुकांसह. फक्त शेवटची सही वेगळी. अहवाल ८८ व्या किंवा ८९ व्या दिवशी येतो, त्याच दुपारी सुनावणी होते आणि ‘इतर यंत्रणांकडून माहिती येणे बाकी आहे’ एवढ्या कारणावर मुदत वाढते. इतर यंत्रणा कोणत्या, हे विचारले की उत्तर मिळते : गोपनीय. यात सरकारी वकिलाला दोष देऊन भागत नाही. त्याची नेमणूक ठरावीक मुदतीची, फी थकलेली आणि पुढची नेमणूक त्याच गृह विभागाच्या शिफारशीवर अवलंबून. अशा माणसाने आयबीकडे मूळ आदेश मागावा, ही अपेक्षा कागदावर छान दिसते.

दुसरी गोष्ट. हाती आदेश आला तर काय होऊ शकते, याचे मुंबई उच्च न्यायालयाचे उदाहरण आहे. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या प्रकरणात २००९-१० मध्ये काढलेले फोन टिपण्याचे तीन आदेश न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी रद्द केले आणि टिपलेले संभाषण नष्ट करण्यास सांगितले. आरोप होता बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा. त्यात सार्वजनिक आणीबाणी कोठली आणि सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कोठला, एवढा साधा प्रश्न न्यायालयाने विचारला. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याच वाटेने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र त्याच सुमारास भ्रष्टाचाराच्याच प्रकरणात वेगळा सूर लावला. आदेश निघाल्यापासून तो रद्द होईपर्यंत दहा वर्षे गेली आणि ती लढाई आरोपीने लढली, अभियोग पक्षाने नव्हे. ज्या आरोपीकडे उच्च न्यायालयात जाण्याइतका पैसा नसतो, त्याच्या आदेशाकडे कोणी पाहत नाही.

मध्यरेल्वे :

चर्चा फोन टिपण्यापुरती मर्यादित राहू नये. गुप्तचर अधिकारी स्वतःच आरोपी झाला तर काय, हा प्रश्न मुंब्र्याच्या इशरत जहाँ प्रकरणात उभा राहिला होता. जून २००४ मध्ये अहमदाबादजवळ झालेल्या त्या चकमकीच्या तपासात सीबीआयने फेब्रुवारी २०१४ मध्ये पुरवणी दोषारोपपत्र दाखल करून आयबीच्या चार अधिकाऱ्यांना आरोपी केले. मारले गेलेले कोण होते यावर लोकांची मते टोकाची आहेत आणि मी त्यात शिरत नाही. प्रक्रियेकडे पाहा : लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१५ मध्ये ती नाकारली. आयबी त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आरोप खरे होते की खोटे, हे न्यायालयात तपासले जाण्याचा मार्ग तेथेच थांबला. संबंधित अधिकारी निर्दोष असतील तर त्यांच्यावरही हा अन्यायच आहे, कारण निर्दोष ठरण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. ‘दप्तर’ यांच्या दाखल्याच्या सूचनेत या परिस्थितीला काही उत्तर आहे का?

दप्तर :

नाही. मंजुरी देणारा अधिकारी आणि ज्याच्याबद्दल मंजुरी मागितली तो एकाच मंत्रालयाच्या छताखाली असतील, तर मंजुरीचा निर्णय बाहेर, म्हणजे लोकपाल किंवा न्यायालयाने नेमलेल्या एखाद्या मंडळाकडे, गेला पाहिजे आणि त्यासाठी कायदाच बदलावा लागेल.

कोर्टकचेरी यांच्या पोस्टवरून एक तपशील सुचला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घालून दिलेल्या आणि पुढच्या वर्षी मनोज प्रकरणात दुजोरा दिलेल्या नियमानुसार, तपासात जप्त झालेल्या पण अभियोग पक्ष वापरणार नसलेल्या कागदांची यादी आरोपीला द्यावी लागते. बचावाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. पण आयबीची टिपणी ‘जप्त’ होत नाही. ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते, त्यामुळे ती वापरलेल्या यादीतही नसते आणि न वापरलेल्या यादीतही नसते. दहशतवादविरोधी पथकाला बाहेरून मिळालेल्या प्रत्येक टिपणीचा नुसता आवक क्रमांक आणि दिनांक, मजकूर न देता, त्या यादीत घालण्याचा आदेश अभियोग संचालनालय परिपत्रकाने काढू शकते का, यावर आपले मत कळवावे. यूएपीएच्या कलम ४६ नुसार फोन टिपण्याच्या आदेशाची प्रत खटल्यापूर्वी किमान दहा दिवस आरोपीला द्यावीच लागते. म्हणजे काही कागद उघड केल्याने आकाश कोसळत नाही, हे कायदेमंडळाने आधीच मान्य केलेले आहे.

कोर्टकचेरी :

परिपत्रक निघू शकते, पण ते अभियोक्त्यांना बंधनकारक राहील, पोलिसांना नाही. पथकाने आवक क्रमांक दिलाच नाही, तर अभियोक्ता फार तर तसे लिहून ठेवेल. तरीही लिहून ठेवणे मला महत्त्वाचे वाटते, कारण मग उलटतपासणीत तपास अधिकाऱ्याला त्याच नोंदीवरून विचारता येईल. कलम ४६ मधील दहा दिवसांची अट न्यायाधीश परिस्थिती पाहून शिथिल करू शकतात, एवढे जोडतो. आणि काही खटल्यांत ती प्रत खुद्द साक्षीच्या दिवशी हातात पडलेली मी पाहिली आहे.

घाटमाथा :

तारीख आणि नाव यांत ‘दप्तर’ यांनी केलेला भेद मला पटला, मूळ आक्षेप मात्र कायम आहे. एक मधला मार्ग सुचवतो. नव्या नियमांनुसार सात दिवसांत कायम न झाल्यामुळे बंद पडलेले आदेश राज्यात दर वर्षी किती, एवढाच आकडा विधिमंडळात तारांकित प्रश्नाने विचारावा. त्यात कोणाचे नाव नाही, गाव नाही. उत्तर शून्य आले, तर यंत्रणा फार शिस्तीची आहे किंवा कोणी मोजतच नाही, या दोनपैकी काय ते पुरवणी प्रश्नात विचारता येईल. आमच्या मतदारसंघाच्या आमदारांकडे असा प्रश्न लिहून देण्याची माझी तयारी आहे. शब्दरचना कोर्टकचेरी यांनी करून द्यावी.

कोर्टकचेरी :

करून देतो. त्यात मंजूर आदेशांची एकूण संख्या आणि पुनर्विलोकन समितीने रद्द ठरवलेल्या आदेशांची संख्या हे दोन आकडेही घालू या. नाहीतर पहिला आकडा मोठा की लहान, हे कशाशी ताडून पाहणार?